तोच बेट्टा, दर रविवारी

देवनहळ्ळी सोडून बस पुढे निघाली की खिडकीतून एक बेट्टा दिसतो. बेट्टा म्हणजे डोंगर. हा शब्द कानडी आहे हे मला शाळेत जाईपर्यंत माहीत नव्हतं, कारण आमच्या घरात सगळे मराठीत बोलताना बेट्टाच म्हणत. काळ्या कातळाचा, एका बाजूने बसका, दुसऱ्या बाजूने सरळ तुटलेला. वर एक छप्पर नसलेलं देऊळ, कातळातल्या खळग्यात साठलेल्या पाण्याची एक दोण आणि वारा. एवढंच. नव्वदीच्या सुरुवातीपासून मी या बेट्ट्यावर जवळजवळ दर रविवारी गेले, आणि या एका गोष्टीवरून मला जितक्या लोकांनी शहाणपण शिकवलं तितकं दुसऱ्या कशावरूनही कुणी शिकवलं नाही.

पहिला मान घरच्यांचा. माझा थोरला भाऊ, अण्णा, रविवारी सकाळी बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या घरात पेपर पसरून बसलेला असे. मी बूट घालायला लागले की पेपरामागून आवाज येई.

"परत तिथंच?"

"हो."

"काय ठेवलंयस तिथं?"

"काही नाही."

"मग?"

अण्णा स्वतः वीस वर्षं रोज संध्याकाळी त्याच हॉटेलात, त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तोच खाली दोसा, म्हणजे आत भाजी नसलेला, खात आला होता. त्याला तो शिस्त म्हणे. माझं मात्र वेड. मी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या रविवारांवर मत द्यायचा हक्क साऱ्या गल्लीला होता.

पहिल्यांदा मी तिथे गेले ते चुकून. देवनहळ्ळीला एका नात्यातल्या बारशाला गेले होते, बायकांच्या गप्पा ऐकून डोकं उठलं म्हणून समोर आलेल्या बसमध्ये चढले आणि बेट्टा दिसला तिथे उतरले. रेशमी साडी खोचून अर्धा चढले. पुढची वाट सापडेना म्हणून परत आले. पुढच्या रविवारी सापडते का ते बघायला गेले. मग जातच राहिले.

डोंगर पहिल्या खेपेला कळतच नाही. पहिल्या खेपेला माणूस फक्त स्वतःचा दम ऐकतो आणि अजून किती राहिलं ते विचारतो. पाचव्या-सहाव्या खेपेनंतर पायांना वाट पाठ होते, आणि मग कुठे डोळे मोकळे होतात. चिंचेच्या झाडापासून पहिल्या कातळापर्यंत गवती चहाचा वास येतो, पण तो फक्त ऊन चढायच्या आधी. कातळात कुणीतरी केव्हातरी खोदलेल्या पावठ्या आहेत, त्यातली सातवी इतरांपेक्षा उंच आहे. खोदणारा त्या दिवशी कंटाळला असावा. वरच्या दोणीतलं पाणी दिवाळीला हिरवं, संक्रांतीला काळं आणि उन्हाळ्यात नुसता चिखल. एका विशिष्ट दगडावर एक सरडा बसतो, आणि उन्हाळा तापला की त्याचं डोकं शेंदरासारखं लाल होतं. हे एकदा येऊन गेलेल्या माणसाला कसं कळणार? त्याच्याजवळ फोटो असतो.

वाटेवर बोलायला एकच माणूस होता. पायथ्याच्या गावातला एक म्हातारा, बकऱ्या घेऊन बेट्ट्याच्या कुशीत असे. खांद्यावर घोंगडी, बारा महिने. पहिल्या वर्षी तो माझ्याकडे नुसता बघायचा. दुसऱ्या वर्षी "बंद्रा, अक्का?" म्हणू लागला, म्हणजे आलात का. तिसऱ्या वर्षी त्याने मला कामाची गोष्ट सांगितली. अर्ध्यावर वाट फुटते. सरळ वाट तुटलेल्या कड्याखालून जाते, डावीकडची झाडीतून वळसा घालते. थंडी संपत आली की कड्याखाली हेज्जेनू येतात, आपल्या मराठीत आग्या मोहोळ. तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत सरळ जायचं नाही. गेलंच तर बोलायचं नाही, वासाचं काही लावून जायचं नाही, विडी ओढायची नाही. मी कधी गेलेच नाही. डावीकडून पाऊण तास जास्त लागतो. तो मला आयताच मिळाल्यासारखा वाटे.

मी तेव्हा एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. मोठ्या टेबलावर वाकून यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचे, शाईने, हाताने. दशकाच्या मध्यावर आमच्यावर एक नवे साहेब आले, पुण्याचे. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना पहिल्या दिवशी फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी माझं मराठी ऐकून तो ओसरला.

"मॅडम, 'स्वल्प थांबा' काय? हे कुठलं मराठी?"

"आमच्या घरचं. तीनशे वर्षांपूर्वीचं आहे."

"इंटरेस्टिंग," ते म्हणाले. ज्या गोष्टीत त्यांना काडीचाही रस नसे तिला ते इंटरेस्टिंग म्हणत, हे मला लवकरच समजलं.

साहेबांना डोंगरांचा नाद होता. म्हणजे डोंगरांच्या यादीचा. टेबलाच्या खणात त्यांची एक वही होती. तीत डोंगराचं नाव, उंची, चढायला लागलेली मिनिटं आणि पुढे एक टिक. सह्याद्रीचे पंच्याऐंशी झाले होते. बंगळूरला बदली झाल्यावर त्यांनी इथली यादी सुरू केली आणि ऑफिसात अ‍ॅडव्हेंचर क्लब काढला. क्लबात बढती हवी असलेले सगळे आले. मी दर रविवारी एकाच बेट्ट्यावर जाते हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं.

"सेम ट्रेक? परत परत? काय पॉइंट आहे त्यात?"

"तुम्ही जेवता ना रोज, साहेब?"

आसपासच्या टेबलांवरच्या टी-स्क्वेअर पट्ट्या थांबल्या. साहेब हसले, पण डोळ्यांनी नाही. "गुड. मग तुम्हीच आमच्या गाइड. पुढचा रविवार तुमचा डोंगर. तसा आमच्याकडे त्याला टेकडी म्हणतील."

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. वरिष्ठांपुढे मीही इतरांइतकीच लेचीपेची होते, आणि हे लिहिताना स्वतःबद्दलही फारसं चांगलं मत होत नाही.

फेब्रुवारीतला रविवार. कारखान्याच्या मिनीबसमधून आम्ही तेराजण निघालो. साहेबांच्या डोक्याला रुमाल, पायात आवाज करणारे बूट, गालाला लावलेल्या कशाचा तरी असा भपकारा की मागच्या सीटवर माझं डोकं दुखायला लागलं. एकाने टेपरेकॉर्डर आणला होता. गवती चहाच्या त्या पट्ट्यातून ही मंडळी हिंदी गाणी लावून, वेफर्सच्या पिशव्या टाकत गेली. एकालाही वास आला नाही. मी मागून पिशव्या उचलत होते, आणि माझ्याबरोबर आणखी एक बाई उचलत होती. साहेबांची बायको.

ती सांगलीकडची, तिशीची असेल. पायात नवे कॅनव्हासचे बूट. फार बोलत नव्हती. साहेब दर दहा पावलांवर मागे वळून "चल, लवकर" म्हणत, आणि मग बाकीच्यांना सांगत, "हिला स्टॅमिना नाही." तिला दम लागलेला नव्हता. ती बघत चालली होती. सातव्या पावठीपाशी थांबून म्हणाली, "ताई, ही उंच का केलीय?" चार वर्षांत हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस. त्याच घटकेला मला ती आवडली.

अर्ध्यावर वाट फुटली. बकऱ्यावाला म्हातारा तिथेच खडकावर बसला होता. त्याने टेपरेकॉर्डरकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मला लाज वाटली.

"डावीकडून," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"दीड तास."

"आणि सरळ?"

"पाऊण. पण सरळ जाता येणार नाही. कड्याला आग्या मोहोळ आहे. वर बघा, ते काळे पडदे लोंबताहेत ते."

साहेबांनी वर बघितलं, घड्याळाकडे बघितलं. वहीत पाऊण आणि दीडमध्ये फार फरक पडतो. "मॅडम, मी डोंगरात जन्म घालवलाय. सकाळच्या गारव्यात माश्या सुस्त असतात."

म्हातारा कानडीत काही बोलला. साहेबांना कळलं नाही. मी सांगितलं, "तो म्हणतोय, गाणं बंद करा आणि परत जा."

"त्याला सांगा थँक्यू." मग साहेब सगळ्यांकडे वळले. "ज्यांना टेकडीला वळसा घालायचाय त्यांनी मॅडमबरोबर जा. बाकीचे माझ्याबरोबर."

सात जण माझ्याकडे आले, धाडसापेक्षा घामाला भिऊन. तीन तरुण साहेबांच्या मागे गेले. बायको माझ्याकडे वळत होती. साहेबांनी तिचा हात धरला. "तू चल. यांच्या नादी लागलीस तर संध्याकाळ होईल." तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती गेली.

आम्ही झाडीत शंभरेक पावलं गेलो असू. टेपरेकॉर्डर वरच्या बाजूला वाजत होता. मग तो मध्येच बंद पडला, आणि एक वेगळाच आवाज सुरू झाला; लांबून ट्रक चढावर येतो तसा. पाठोपाठ माणसांच्या किंकाळ्या. साहेबांनी कड्याखाली उभं राहून सिगारेट पेटवली होती, हे नंतर त्या तरुणांनीच सांगितलं.

मी सातही जणांना झाडीत खाली बसवलं, तोंडं झाका म्हटलं आणि फाट्यावर परत आले. तिन्ही तरुण हात हलवत माझ्या बाजूने खाली गेले. त्यांच्या पुढे साहेब. त्या बुटांनी एवढा वेग घेता येतो हे मला माहीत नव्हतं. मी ओरडले, "त्या कुठं आहेत?" ते थांबले नाहीत. चिंचेखाली मिनीबस उभी होती. पुढे चारेक मिनिटांनी तिचं दार आपटल्याचा आवाज वरपर्यंत आला.

ती कड्याखालच्या कातळावर होती. ओढणी डोक्यावरून घेऊन, गुडघ्यात तोंड खुपसून, एका जागी. तिच्याभोवतीची हवा काळी झाली होती.

मी शूर नाही. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. खरं तर काही क्षणच असतील. म्हाताऱ्याने खांद्यावरची घोंगडी काढून माझ्या अंगावर टाकली आणि तो म्हणाला, "पळू नका. हात हलवू नका. जा, तिच्यावर पडा आणि पडून राहा. मी धूर करतो."

मी गेले. मानेवर, कानामागे, मनगटावर निखारे टेकल्यासारखं झालं. तिच्यापाशी पोचून घोंगडी दोघींवर ओढली आणि कडा अंगाखाली दाबल्या. आत काळोख, बकऱ्यांचा वास आणि वर तो आवाज.

"कोण?"

"मी. हलू नकोस."

"ताई, माझा डोळा उघडत नाहीये."

"उघडायचं काय काम आहे? इथं बघण्यासारखं काही नाही."

ती हसली. खरंच हसली, मला तिच्या पाठीच्या हलण्यावरून कळलं. आत शिरलेल्या दोनतीन माश्या मी बोटांनी चिरडल्या. बाहेरून ओल्या गवताच्या धुराचा वास यायला लागला.

"ते पळाले ना?" तिने विचारलं.

"हो."

"मी त्यांचा हात धरला होता. त्यांनी सोडवून घेतला. एकेक बोट करून." मग ती म्हणाली, "मला वाटलं होतं, निदान झटका तरी देतील. एकेक बोट सोडवायला वेळ लागतो हो."

मी तिची मान झाकली.

तासाभराने म्हाताऱ्याने घोंगडी उचलली. माश्या परत कड्यावर गेल्या होत्या. तिचा डोळा आणि ओठ सुजून एक झाले होते, तरी ती स्वतःच्या पायांनी उतरली; झाडीतले सातजण मागून आले. मिनीबसच्या सगळ्या काचा बंद होत्या. साहेबांचं तोंड फुगलेल्या भटुऱ्यासारखं झालं होतं. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी आधी माझ्या मागे हवेत बघितलं, माशी आहे का म्हणून, आणि मगच दार उघडलं.

"मी मदत आणायला आलो होतो," ते म्हणाले.

मला दया यायला हवी होती. आली नाही, आजही येत नाही. ते तोंड आठवलं की अजून बरं वाटतं.

वाटेतल्या एका दवाखान्यात सगळ्यांना इंजेक्शनं झाली. ती दोन रात्री तिथेच राहिली. साहेबांनी रजा टाकली, पण रजेवरूनही फोन केला. क्लबचा भिंतीवरचा अंक निघणार होता. त्यात त्यांचा वृत्तान्त येणार होता, सर्वांना प्रसंगावधानाने सुखरूप खाली आणल्याचा. टाइप केलेला कागद शिपाई घेऊन आला आणि फोनवर साहेबांनी फर्मावलं, "मॅडम, सोबत एक रूट मॅप काढा. नीट, स्केलवर. आणि दोन्ही बुधवारी बोर्डावर लावून टाका, मी यायची वाट बघू नका."

मी मंगळवारी जेवणाची सुट्टी न घेता बसले. इतका चांगला नकाशा मी नोकरीत कधी काढला नसेल. चिंच, पावठ्या, फाटा, कडा, दोण, सगळं स्केलवर. माझी पावलं त्या बेट्ट्यावर पाठ होती. मोहोळांची जागा काळ्या शाईने. मग नकाशात असतात तशी लहान वर्तुळं, प्रत्येकात आकडा, आणि खाली खुलासा, सरळ ठळक अक्षरात. एक: साहेब, घटनेच्या वेळी. दोन: साहेबांच्या पत्नी, घटनेच्या वेळी. तीन: साहेब, चार मिनिटांनंतर, मिनीबसमध्ये. चार: साहेबांच्या पत्नी, एक तासानंतर. चार नंबरचं वर्तुळ दोन नंबरवरच बसत होतं, म्हणून ते किंचित मोठं काढलं. बुधवारी सकाळी वृत्तान्ताशेजारी टाचण्या लावून टाकला.

दुपारपर्यंत सगळं ड्रॉइंग ऑफिस तिथे उभं होतं. नकाशा वाचता येणारी माणसं होती ती. पण क्लबातल्या एकाही वाघाची तो उतरवायची हिंमत नव्हती, आणि चांगला आहे म्हणायचीही नव्हती.

साहेब शुक्रवारी आले. बोर्डासमोर बराच वेळ उभे राहिले. मग माझ्या टेबलापाशी आले.

"हे काय आहे, मॅडम?"

"रूट मॅप, साहेब. काही चुकलंय का?"

त्यांचे ओठ अजून जाड होते. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग," आणि केबिनमध्ये गेले. त्या महिन्यात माझी बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली, जिथे जुने नकाशे धूळ खात पडलेले असतात. क्लब पुन्हा कुठे गेल्याचं ऐकलं नाही.

एप्रिलमध्ये घरी फोन आला. अण्णाने घेतला. "कुणीतरी बाई आहे. तुझ्याच त्या डोंगराबद्दल विचारतेय. आणखी एक वेडी."

"ताई," ती म्हणाली, "परत जायचं असेल तर मला न्याल का? त्या बाजूने नको. डावीकडून."

पुढची चार वर्षं ती माझ्याबरोबर आली. पहिल्या खेपेला फाट्यापाशी ती कड्याकडे बघत अडून राहिली. म्हाताऱ्याने तिला बसवून ताक दिलं. दुसऱ्या वर्षी ती माझ्यापुढे चालू लागली. ताईची अक्का झाले. सरड्याचं डोकं कधी लाल होतं याची नोंद तिच्याकडे माझ्यापेक्षा पक्की होती, आणि ती सगळी डोक्यात, वहीत नाही. रविवारी घरातून निघताना साहेब काय म्हणतात असं मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही म्हणत. पेपर वाचतात."

एकदा दोणीपाशी बसून आम्ही चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला भात, खात होतो. मला राहवलं नाही. "असल्या माणसाबरोबर तू राहतेस कशी?" मी म्हटलं. "एकेक बोट सोडवलं त्याने तुझं."

तिने घास संपवला. "अक्का, तुम्हाला लोक विचारतात ना, त्याच डोंगरावर पुन्हा पुन्हा कशाला जाता म्हणून? तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे कशा बघता माहितीय? चिलटाकडे बघावं तशा."

"असेन."

"आत्ता मी तुमच्याकडे तशीच बघतेय. दिसतंय का?"

दिसत होतं. मी पुढे कधी विचारलं नाही. तिचं उत्तर मला पटलं असं नाही; तिने तिथे राहायला नको होतं असंच मला आजही वाटतं. पण तो चढ तिचा होता, आणि तिथे मला कुणी गाइड नेमलेलं नव्हतं.

दशक संपता संपता साहेबांची बदली उत्तरेत झाली आणि ती गेली. शेवटच्या रविवारी आम्ही काही खास केलं नाही. वर गेलो, खाली आलो, बसची वाट बघितली. बस आली तेव्हा जागा एकच होती. तिने मला बसवलं आणि देवनहळ्ळीपर्यंत उभी राहिली.

पुढे त्या बाजूला विमानतळ येणार अशी कुजबुज सुरू झाली आणि शेतांत पांढरे दगड रोवले गेले. मोटारीतून लोक यायला लागले, जमिनी बघायला. एका सकाळी चिंचेखाली एक गाडी उभी होती. गॉगल घातलेला मुलगा आणि त्याची मैत्रीण मान वर करून बेट्ट्याकडे बघत होते.

"आंटी, ऊपर क्या है?" मुलाने विचारलं. "कुछ देखने लायक है?"

"कुछ नहीं," मी म्हटलं.

"कुछ भी नहीं?"

"पत्थर है."

त्याने मैत्रिणीकडे बघून खांदे उडवले. ते गाडीत बसले, काचा वर केल्या आणि गेले. मी धूळ बसेपर्यंत थांबले आणि चढायला लागले. ऊन अजून वर आलं नव्हतं. गवती चहाचा वास होता.